चिरेखोलच्या शाळेचं मोकळं दार

चिरेखोलची इंग्रजी शाळा बघायला येणाऱ्याला पहिल्या पायरीवरच सांगतात, दारात उभं राहू नका. आत या, नाहीतर समोर हिरड्याच्या पारावर बसा, पण उंबऱ्यावर रेंगाळू नका. मोठमोठे साहेब आले, पुढारी आले, त्यांनाही हेच सांगितलं गेलं. कुणी हसण्यावारी नेलं, कुणी मुकाट्यानं बाजूला झालं. फोटो काढायचा तर तोही कडेनं काढावा लागतो.

बाजूला झालात की वर बघा. चौकटीच्या वर चुन्याचा पांढरा पट्टा आहे आणि त्यातून तपकिरी अक्षरं वर आलेली आहेत. दर वर्षी शाळेला चुना लागतो, त्या पट्ट्यालाही लागतो, आणि श्रावण सरेपर्यंत अक्षरं पुन्हा दिसायला लागतात. शिकलेली माणसं म्हणतात, बिब्ब्याच्या तेलाचा डाग आहे, तो चुन्यातून वर येणारच. असेल. आत डोकावलंत तर पहिल्या वर्गात बाकांची पहिली रांगच नाही. तिथं पाच पाट मांडलेले आहेत आणि त्यांवर कुणी बसत नाही. समोरच्या खिडकीतून डोंगर दिसतो. त्याच्या पोटावर तांबडी खपली आहे. तिच्यावर दीडशे वर्षांत गवताची काडी उगवलेली नाही, असं सांगतात.

पाट, अक्षरं, खपली आणि हे दार, सगळं एकाच माणसापाशी येऊन थांबतं. अनंत पाध्ये त्याचं नाव. गाव अजून पाध्ये मास्तरच म्हणतं.

चिरेखोल तेव्हा हिरड्याची पेठ होती. डोंगरातून हिरडा उतरायचा, इथल्या वखारीत वाळायचा आणि खाडीतून पडावानं मुंबईला जायचा. तिथून बोटीनं विलायतेला, कातडी कमवायला. या उलाढालीचा धनी एकच, धाकूशेट खातू. माणूस दिलदार, तोंडात शिवी आणि हातात गूळ. लिहिता-वाचता मात्र येत नव्हतं, आणि ते त्यानं जन्मभर कुणाला कळू दिलं नाही. कागद समोर आला की शेट तो दोन्ही हातांनी धरायचा, भुवया आवळायचा, मान डोलवायचा. बघणाऱ्याला वाटावं, शेटनं अक्षर न् अक्षर वाचलं.

हिरडा गोळा करणारे धनगर डोंगरावर राहायचे. त्या पठाराला दुधमाळ म्हणत, कारण पेठेचं दूधतूप सगळं तिथून यायचं. झोरे आडनावाची वीस-बावीस खोपटी. धाकूशेटवर त्यांचा भारी विश्वास. एका साली मुंबईच्या कुठल्याशा लाकडाच्या कंपनीचा माणूस इंग्रजी कागद घेऊन आला. धनगर शेटकडे आले. "शेट, तुमी बघा. तुमी हां म्हनलात की आमी अंगठा देतो." शेटनं कागद दोन्ही हातांनी धरला, भुवया आवळल्या. कंपनीच्या माणसानं तोंडी सांगितलं होतं की फक्त पडलेली सुकी लाकडं न्यायची आहेत. चार माणसांत "मला वाचता येत नाही" म्हणायला शेटची जीभ रेटली नाही. "ठीक आहे," तो म्हणाला. नऊ जणांनी अंगठे उठवले. दिवाळीनंतर कुऱ्हाडी आल्या आणि दोन उन्हाळ्यांत दुधमाळाखालचा अख्खा उतार बोडका झाला.

धनगरांनी शेटला एका शब्दानं जाब विचारला नाही. तूप पहिल्यासारखंच येत राहिलं. तेच त्याला सोसलं नाही म्हणे. तुपाचा गडवा ओटीवर आला की तो तोंड फिरवायचा. पुढं खाणं तुटलं, मग हिंडणं तुटलं, आणि एका भाद्रपदात त्यानं अंथरूण धरलं.

पाध्ये मास्तर त्या वेळी बापू खोताच्या घरी राहून त्याच्या मुलांना शिकवत होते. वय पंचविशीचं, अंगकाठी बारीक, रत्नागिरीला इंग्रजी शिकून आलेले. पंचक्रोशीत इंग्रजी येणारा हा एकच माणूस. खोताच्या माडीवर दोन आळशी पोरांना शिकवताना त्यांच्या डोळ्यांसमोर सारखी एक शाळा असायची: खरी, दगडी भिंतींची, ओळीनं बसलेल्या मुलांची. पण खोताच्या घरी दोन वेळचं जेवण मिळणाऱ्या माणसानं शाळेची स्वप्नं बघायची म्हणजे नुसता मनाचा खेळ, हेही त्यांना कळत होतं.

अशात धाकूशेटचा निरोप आला. मास्तर गेले. शेटनं सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दुधमाळाच्या कागदाची सगळी हकिगत सांगितली. सांगताना तो रडला.

"मला मूलबाळ नाही मास्तर. वखार, वाडी, पडाव, सगळं देतो. त्याची इंग्रजी शाळा काढा. या गावात कुणी न वाचलेल्या कागदावर अंगठा देता कामा नये. आणि एक कलम घाला. दुधमाळाच्या वाड्यातली पोरं पहिल्या ओळीत बसतील. दर वर्षी दसऱ्याला शाळा मांडताना मास्तरानं दारात उभं राहून डोंगराकडं तीन हाका माराव्यात, ती पोरं आल्याशिवाय पहिला धडा सुरू करू नये. माझ्या हातून जे गेलं ते त्यांच्या हातात यायला पाहिजे. कागद इंग्रजीत करा. इंग्रजी कागदानं घेतलं, इंग्रजी कागदानंच परत देईन."

मास्तरांनी मान हलवली. शेटनं त्यांचा हात धरला. "तुमच्या विद्येची आण आहे तुम्हाला," तो म्हणाला. मास्तर घरी आले ते जमिनीवर पाय नसल्यासारखे.

खोताला हे दुसऱ्याच दिवशी कळलं. मृत्युपत्राच्या पंचांत तो पहिला होता. देवळाच्या पायरीवर त्यानं मास्तरांना गाठलं.

"अहो पाध्ये, शाळा होऊ दे, आनंदच आहे. पण धनगरांची पोरं पुढं आणि आमची मागं? गावातलं एक घर पोर पाठवणार नाही. पहिल्या दसऱ्यालाच तुमच्या शाळेला कुलूप लागेल. तेवढं कलम गाळा."

"शेटना काय सांगू?"

"त्याला काय सांगायचंय? त्याला वाचता कुठं येतंय?"

शेटनं जन्मभर झाकलेली गोष्ट खोताला ठाऊक होती, तर. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनी स्वतःला नाना परीनं समजावलं. कलम ठेवावं तर शाळा उभी राहणार नाही, मग धनगरांच्या पोरांनाही काय मिळणार? आधी शाळा होऊ दे. एकदा पाय रोवले की आपण होऊन त्या पोरांना आत घेऊ, कागदात असो वा नसो. मनात खोट असलेला माणूस हुशार असला की असाच फसतो. मास्तरांनी कागद लिहिला. अक्षर मोत्यासारखं होतं. कलम त्यात नव्हतं.

सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी धाकूशेटच्या ओटीवर पंच जमले. शेटला तक्क्याला टेकवून बसवलं होतं. त्यानं कागद दोन्ही हातांनी धरला, सवयीनं भुवया आवळल्या, आणि मग हातातला कागद मास्तरांपुढं केला. "वाचून दाखवा," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं असं चारचौघांत म्हटलं होतं. मास्तर एकेक कलम वाचून मराठीत सांगत गेले. शेवटच्या कलमानंतर शेट त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. अजून काहीतरी यायचं होतं.

मास्तरांची नजर कागदाच्या कोऱ्या जागेवर होती. ते म्हणाले, "दुधमाळाच्या वाड्यातली पोरं आल्याशिवाय पहिला धडा सुरू करू नये, आणि त्यांना पहिल्या ओळीत बसवावं."

मरणाऱ्याच्या मनाला शांती मिळावी म्हणून आपण हे म्हटलं, असं ते नंतर स्वतःला सांगत राहिले. शेटच्या तोंडावर हसू आलं. त्यानं अंगठा उठवला. एकही पंच बोलला नाही. माजघराच्या दाराशी तुपाचा गडवा घेऊन दुधमाळाची ठकूबाई झोरे उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि गडवा ठेवून ती गेली. तिसऱ्या दिवशी शेट गेला.

शाळा उभी राहायला वर्ष लागलं. पुढच्या दसऱ्याला दाराला आंब्याचं तोरण लागलं, गावातली अठ्ठावीस मुलं पाटीवर सरस्वती काढून घेऊन आली. खोत पुढच्या खुर्चीत बसला. मास्तर कोऱ्या उपरण्यात दाराशी उभे होते. एवढ्यात डोंगराच्या वाटेनं ठकूबाई उतरताना दिसली. तिच्या मागं पाच पोरं, तेल लावून चापूनचोपून भांग पाडलेली. सगळ्यात पुढं दहा वर्षांचा धाऊ, सगळ्यात मागं सहा वर्षांचा लखू, नाकाला शेंबूड आणि बगलेत पाटी म्हणून चपटा दगड.

"मास्तर, पोरं आनलीत," ठकूबाई म्हणाली. "तुमचा पयला धडा सुरू व्हायच्या आदीच आलो."

मास्तरांच्या मागं खुर्ची करकरली. "कागदात तसं काही नाही, बाई," खोत आतूनच म्हणाला. "विचार मास्तरांना."

ठकूबाईनं मास्तरांकडे पाहिलं. "मग वाचा की कागूद. मी ऐकते."

कागद भिंतीवर चौकटीत लावलेला होता. मास्तरांनी तो सगळा वाचून मराठीत सांगितला. या खेपेला जेवढं लिहिलं होतं तेवढंच सांगितलं. शेवटचं कलम संपलं.

"त्या दिशी वाचलंत ते कुटं गेलं?" ठकूबाईनं विचारलं.

तिनं आरडाओरडा केला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. लोक सांगतात, तिनं बोटं मोडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बरं. साळा आमच्या पोरांसाटनं हाय. तुमी बलवाल तवर ती हितं बसतील." आणि समोरच्या हिरड्याखाली पाचही पोरांना एका ओळीत बसवून ती तूप विकायला पेठेत गेली.

दुसऱ्या दिवशी पोरं पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. शाळा भरायच्या वेळी डोंगर उतरून यायची, सुटली की जायची. दंगा नाही, मस्ती नाही. हिरड्याखाली ओळीनं बसून दाराकडे बघत राहायची. पहिल्या वर्गातून मास्तर मान वर करत तेव्हा ती पाच तोंडं समोर असत. त्यांनी खिडकीला पडदा लावला. वाऱ्यानं तो उडायचा.

कोजागिरीला धाकूशेटच्या आठवणीत शाळेत चार शब्द बोलायचे होते. मास्तरांनी ते लिहून आणले होते. कागद उघडून त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि तोंडातून आलं, "दुधमाळाच्या वाड्यातली पोरं आल्याशिवाय पहिला धडा सुरू करू नये, आणि त्यांना पहिल्या ओळीत बसवावं."

मुलं बघत राहिली. मास्तरांनी कपाळ पुसलं, कागद नीट धरला, डोळ्यांनी ओळ वाचली. ती स्पष्ट दिसत होती. तोंड उघडलं तर पुन्हा तेच. अंगात कसर आहे म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

पण तो ताप नव्हता. बोलताना काही अडत नसे, पाठ केलेलं धडाधडा म्हणता येई. लिहिलेलं मोठ्यानं वाचायला गेलं की तेवढं एकच वाक्य बाहेर पडे, मग हातात भूगोल असो, पंचांग असो की घरून आलेलं आईचं पत्र. एकदा शेजारच्या म्हातारीला तिच्या मुलाचं मुंबईचं पत्र वाचून दाखवायला बसले आणि तेच म्हणाले. म्हातारी घाबरून घरात गेली. मास्तरांनी वाचणं सोडलं. धडे पाठ करून येऊ लागले, वाचायला मुलांना लावू लागले. आवाज बसलाय, असं सांगत. मुलं आपसांत कुजबुजायची. मास्तर वाळत चालले होते.

एखादा दुसरा उठून सरळ दारात गेला असता आणि त्या पाच जणांना हाक मारून मोकळा झाला असता. मास्तरांना हे कळत नव्हतं असं नाही. रोज सकाळी ते ठरवत, आज. रोज शाळेच्या पायरीवर खोताचा माणूस बसलेला असे, आणि मास्तर मान खाली घालून आत जात. अशी दिवाळी गेली, शिमगा गेला, पाऊस लागला. हिरड्याखालची पोरं इरली घेऊन बसू लागली. दुधमाळाखालच्या बोडक्या उतारावरून तांबडं पाणी लोटत खाली येत होतं. जुनी माणसं म्हणत, झाडं होती तेव्हा डोंगराचं पाणी कधी असं तांबडं नव्हतं.

श्रावणात सरकारी डिप्टी साहेब तपासणीला यायचे ठरले. त्यांचा शेरा चांगला पडला तर शाळा टिकणार, नाहीतर खोत ती कधीही मोडू शकत होता. तपासणीत शिक्षकाला नमुन्याचा धडा मोठ्यानं वाचावा लागतो, हे त्यांना माहीत होतं.

त्या सकाळी खोत स्वतः आला. पावसाची झड लागली होती. हिरड्याखाली पाच इरली ओळीनं बसलेली होती.

"साहेब विचारतील ही कोण म्हणून. त्यांना आज घालवा, पाध्ये. मी माणसं पाठवू, की तुम्ही सांगता?"

"मी सांगतो," मास्तर म्हणाले. त्यांच्या मनात दुसरंच होतं. ती समोर बसतात म्हणूनच जीभ अशी अडकते, असं त्यांनी घेतलं होतं. एक दिवस समोर नसली तर कदाचित वाचता येईल. आणि शेरा मिळाला की उद्या खरंच आत घेऊ. खरंच. खोत काय करणार आहे?

ते रस्ता ओलांडून हिरड्याखाली गेले. दहा महिन्यांत पहिल्यांदा. पोरं उठून उभी राहिली.

"आज घरी जा रे," मास्तर म्हणाले. "आज नको. उद्या या."

पोरं हलेनात. धाऊनं इरलं मागं सारलं. "उंद्या आत?" त्यानं विचारलं.

मास्तरांना पाठीवर खोताची नजर जाणवत होती. त्यांनी आवाज खाली घेतला. "हो. उद्या आत."

पाचही तोंडं उजळली. लखूनं तर उडीच मारली. "आयला सांगतो!" म्हणत तो सगळ्यांच्या पुढं धावत सुटला, बगलेत त्याचा तो चपटा दगड. बाकीची त्याच्या मागं. एरवी शाळा सुटेपर्यंत ती कधी हलली नव्हती. त्या दिवशी डोंगराच्या वाटेवर त्यांची इरली बराच वेळ दिसत होती, मग पावसात दिसेनाशी झाली.

साहेब दुपारी आले. मुलांचे पाढे झाले, स्पेलिंगं झाली. साहेब खूश होते. मग त्यांनी पुस्तक उघडून मास्तरांपुढं ठेवलं. समुद्रावरच्या प्रवासाचा धडा होता. मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि जे छापलं होतं तेच बाहेर आलं.

एक ओळ, दुसरी ओळ. स्पष्ट, स्वच्छ. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, असं त्यांना वाटलं. ते वाचत सुटले. पान उलटलं, आवाज चढला, साहेब मान डोलावू लागले, खोत दाराशी उभा राहून हसत होता. दहा महिन्यांनी त्यांची जीभ त्यांना परत मिळाली होती. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आले असतील नसतील, तोच डोंगराकडून आवाज आला. आधी कुणी मोठ्यानं खाकरल्यासारखा, मग असा की शाळेच्या भिंती कापल्या आणि पाट्या खाली पडल्या.

मास्तर वाचत होते. वाचता वाचता थांबले. आपली जीभ कशानं मोकळी झाली, ते त्यांना त्या क्षणी कळलं, असं सांगतात. पुस्तक त्यांच्या हातातून गळलं.

दुधमाळाखालचा बोडका उतार सगळाच्या सगळा खाली आला होता. कडेची सतरा खोपटी गेली. रानात म्हशींमागं गेलेली माणसं वाचली. घरी होती ती गेली. पाच पोरं घरी होती. उद्या शाळेत जायचं म्हणून त्यांच्या आया त्यांचे सदरे शिवत होत्या, असं वाचलेल्यांपैकी एकानं सांगितलं.

ठकूबाई तूप घेऊन पेठेत आली होती म्हणून वाचली. गाव डोंगराकडे धावत असताना ती उलटी शाळेकडे आली. साहेब निघून गेले होते, मुलं घरी गेली होती. मास्तर एकटे दारात, उंबऱ्यावर उभे होते. ती पायरीखाली थांबली. अंगावरून पाणी निथळत होतं.

"मास्तर, सकाळच्याला आमची पोरं वाटंत भेटली," ती म्हणाली. "लखू म्हनला, उंद्या आत बलवलंय."

मास्तरांनी दाराची चौकट धरली.

"मग बलवा की."

मास्तरांनी डोंगराकडे तोंड केलं. हाक मारली. "आणखी कोणी आहे का?" मुलांना आत घेताना मास्तर रोज असंच विचारायचे, त्यामुळे तोंडात दुसरे शब्द आले नाहीत. पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. संध्याकाळपर्यंत ते हाका मारत होते आणि ठकूबाई पायरीखाली उभी राहून डोंगराच्या वाटेकडे बघत होती. अंधारून आलं तेव्हा ती म्हणाली, "दारातनं बाजूला व्हा, मास्तर. तुमी मदी हुबं ऱ्हायल्यावर ती कशी याची?"

मास्तर बाजूला झाले. ती निघून गेली. ती पुन्हा या गावात कुणाला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बिब्बे फोडून त्यांचं तेल काढलं आणि दारावरच्या चुन्यावर स्वतःच्या हातानं ते गाळलेलं कलम लिहिलं. हातांवर फोड आले, ते जन्मभर व्रण होऊन राहिले. खोतानं त्यावर चुना मारायला लावला. अक्षरं वर आली. पुन्हा चुना, पुन्हा अक्षरं. तिसऱ्या खेपेला गवंड्यानं शिडीवर चढायला नकार दिला, आणि त्यानंतर खोत शाळेच्या रस्त्यानंही जाईनासा झाला. पहिल्या ओळीतली बाकं मास्तरांनी स्वतः बाहेर काढली आणि पाच पाट मांडले. पुढं घाटापलीकडच्या वाड्यांतली धनगरांची मुलं शाळेत येऊ लागली. मास्तर त्यांना पुढं बसा म्हणायचे. ती दुसऱ्या ओळीत बसायची.

मास्तरांनी एकतीस वर्षं शिकवलं. मोठ्यानं मात्र पुन्हा एक अक्षर वाचलं नाही. वाचता येत होतं, हेच त्यांना सोसत नव्हतं. दर दसऱ्याला ते दारात उभे राहून तीन हाका मारायचे, दुधमाळावरून धावत येणाऱ्या पोराला लागेल तेवढा वेळ थांबायचे आणि मग उंबऱ्यावरून बाजूला होऊन धडा सुरू करायचे. शेवटच्या दसऱ्याला तिसरी हाक मारल्यावर ते फार वेळ थांबले नाहीत, असं सांगतात. डोंगराच्या वाटेकडे बघत त्यांचा चेहरा बदलला. ते घाईनं बाजूला झाले, एक, दोन, तीन, चार, पाच अशी मान हलवली, जशी मुलं आत येताना मास्तर मोजतात. मग पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. त्या वेळी शाळेत असलेल्या मुलांनी हे पाहिलं आणि म्हातारी होईपर्यंत सांगितलं. वाट मात्र त्यांना रिकामीच दिसली होती.

पुढं एक नवे हेडमास्तर आले, शहरातले. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. दसऱ्याला हाका न मारता ते सरळ उंबऱ्यावर उभे राहिले आणि लिहून आणलेलं भाषण उघडलं. दारावरच्या पट्ट्याकडे त्यांची पाठ होती. ती अक्षरं त्यांनी आयुष्यात कधी वाचलेली नव्हती. तोंड उघडलं आणि ते म्हणाले, "दुधमाळाच्या वाड्यातली पोरं आल्याशिवाय..." पुढचं काय ते गाव जाणतं. त्यांनी महिन्याभरात बदली मागून घेतली.

आजही दसऱ्याच्या सकाळी चिरेखोलची मुलं पाटीवर सरस्वती काढून शाळेत येतात. हेडमास्तर दारात उभे राहतात आणि त्या तांबड्या खपलीकडे तोंड करून विचारतात, "आणखी कोणी आहे का?" तीनदा. मग एक घटका सगळे थांबतात. एरवी एका जागी न बसणारी पोरंही त्या वेळी हूं की चूं करत नाहीत. दुसऱ्या ओळीतली मुलं, कुणी सांगितलेलं नसताना, आपापली दप्तरं मागं ओढून घेतात. मग हेडमास्तर उंबऱ्यावरून बाजूला होतात आणि पहिला धडा सुरू होतो.

म्हणून म्हटलं, दारात उभं राहू नका. पाच पोरांना उद्या आत घेतो असं सांगितलेलं आहे, आणि ती अजून यायची आहेत.